आकडा एकटा सोडू नका

प्रश्न : आमच्या पतसंस्थेचे चार लिनक्स सर्व्हर मी सांभाळतो. दर मिनिटाला क्रॉनमधून एक स्क्रिप्ट चालते. ती ‘फ्री’ या कमांडचा आउटपुट ऑकने कापते आणि वापरलेल्या मेमरीचा आकडा एका फाईलमध्ये जोडते. इतकी वर्षं हे बिनबोभाट चाललं. अलीकडे एक सर्व्हर सेंटओएस ६ वरून रॉकी लिनक्स ९ वर नेला आणि तेव्हापासून त्याचा मेमरीचा आलेख शून्यावर पडून आहे. एरर मात्र एकही नाही. आता सगळं नव्याने लिहायचं ठरवलं आहे. जेसन घेऊ, सीएसव्ही घेऊ, की आणखी काही? पुढच्या व्हर्जनला पुन्हा हीच वेळ यायला नको. – एक वाचक, सांगली

उत्तर : आधी तुमच्या आलेखाचं निदान करू, कारण फॉरमॅटची निवड त्यातूनच निघते. जुन्या ‘फ्री’चा आउटपुट चार ओळींचा असे. पहिली शीर्षकांची, दुसरी ‘मेम’ची, तिसरी बफर आणि कॅशे वगळून केलेल्या हिशेबाची आणि चौथी ‘स्वॅप’ची. मोकळ्या मेमरीत लिनक्स डिस्कवरच्या फाईली कॅशे म्हणून ठेवतो, त्यामुळे दुसऱ्या ओळीतला ‘यूज्ड’ कायम फुगलेला दिसायचा. प्रोग्रामनी खरोखर अडवलेली मेमरी तिसऱ्या ओळीत कळायची. म्हणून ठिकठिकाणच्या स्क्रिप्टमध्ये ऑकला ‘तिसऱ्या ओळीतला तिसरा शब्द दे’ असं सांगितलेलं असे. तुमच्याकडेही बहुधा तेच आहे.

२०१४ मध्ये ‘फ्री’ ज्या संचातून येतं त्या प्रॉक्प्स-एनजीची ३.३.१० आवृत्ती आली आणि ती तिसरी ओळ गेली. तिच्याऐवजी उजव्या कडेला ‘अव्हेलेबल’ हा नवा कॉलम आला. आता तिसरी ओळ स्वॅपची आहे आणि तिच्यातला तिसरा शब्द म्हणजे वापरलेला स्वॅप. तुमच्या नव्या सर्व्हरवर मेमरी पुरेशी असणार, स्वॅपला हात लागत नसणार, म्हणून शून्य. ऑकने सांगितलेलं काम चोख केलं. त्याला एरर द्यायचं कारणच नव्हतं.

घातक भाग तोच आहे. स्क्रिप्ट बंद पडली असती तर त्याच दिवशी कळलं असतं. इथे आकडा येत राहिला, तो आकड्यासारखाच दिसत राहिला, आणि उद्या त्या सर्व्हरची मेमरी संपत आली असती तरी आलेखाने ते सांगितलं नसतं. म्हणून जेसन की सीएसव्ही हा प्रश्न मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. पहिला प्रश्न असा : उद्या मूळ यादीत एखादा आकडा वाढला, गेला किंवा त्याची जागा बदलली, तर वाचणारा प्रोग्राम अडून बसेल की मुकाट्याने भलताच आकडा उचलेल? जो फॉरमॅट जागेवरून अर्थ ठरवतो, तो मुकाट्याने चुकतो. जो प्रत्येक आकड्यासोबत त्याचं नाव पाठवतो, त्यात नाव सापडलं नाही की लगेच कळतं. ऑपरेटिंग सिस्टीमच्या आकडेवारीसाठी दुसराच प्रकार घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

याचं उत्तम उदाहरण तुमच्याच सर्व्हरवर आहे. ‘फ्री’ स्वतः काही मोजत नाही. कर्नल जे आकडे ‘प्रॉक’ या डिरेक्टरीतल्या ‘मेमइन्फो’ फाईलमध्ये मांडतो, तेच ‘फ्री’ वाचतं आणि माणसाला दिसायला बरे म्हणून रांगेत लावतं. ‘मेमइन्फो’ची रचना अगदी साधी : ओळीच्या सुरुवातीला नाव, मग कोलन, मग आकडा, मग एकक. मार्च २०१४ मध्ये आलेल्या ३.१४ या कर्नलात ‘मेमअव्हेलेबल’ ही नवी ओळ आली, तीही शेवटी नव्हे, वरून तिसरी. खालच्या सगळ्या ओळी एकेक जागा सरकल्या. तरीही नावाने ओळ शोधणाऱ्या एकाही स्क्रिप्टला धक्का लागला नाही. तुम्हालाही हवी आहे ती हीच ओळ. नव्या प्रोग्रामना स्वॅप न करता किती मेमरी देता येईल याचा अंदाज कर्नल त्यात स्वतः करून देतो, आणि तो आपण बाहेरून केलेल्या वजाबाकीपेक्षा विश्वासार्ह असतो.

एकक मात्र जपून वाचा. ‘मेमइन्फो’तल्या केबीचा अर्थ १००० नव्हे, १०२४ बाइट. शिवाय ‘ह्यूजपेजेस’च्या काही ओळींना एककच नाही, कारण तिथे पानांची संख्या दिलेली असते. एकक सरसकट गृहीत धरून सगळ्यांना १०२४ ने गुणलं तर त्या ओळी बिघडतात.

आता नाव असूनही फसगत कशी होते तेही सांगतो, कारण नावावर सगळी भिस्त ठेवून चालत नाही. ‘फ्री’तला ‘यूज्ड’ घ्या. सुरुवातीला तो एकूण वजा मोकळी असा होता. ३.३.१० पासून त्यातून बफर आणि कॅशेही वजा होऊ लागले. ४.० मालिकेत हिशेब पुन्हा बदलून एकूण वजा ‘अव्हेलेबल’ असा झाला. शीर्षक तेच, अर्थ तीन. तुम्ही ‘फ्री’चा आउटपुट सुरेख जेसनमध्ये गुंडाळला असतात, तरी ४.० असलेल्या वितरणावर जाताच आलेखात एक पायरी दिसली असती आणि तिचं कारण जेसनमध्ये कुठेही सापडलं नसतं. म्हणून साठवायचे ते कर्नलने दिलेले मूळ आकडे. बेरीज, वजाबाकी, टक्केवारी नंतर करावी. हिशेबाची रीत बदलावीशी वाटली तर मूळ आकड्यांवरून मागच्या पाच वर्षांचा हिशेबही नव्याने करता येतो. टक्के साठवले असतील तर तो रस्ता बंद.

जागेवर चालणाऱ्या फाईलींचं काय होतं, तेही ‘प्रॉक’मध्येच पाहायला मिळतं. ‘स्टॅट’ या फाईलच्या पहिल्या ओळीत सीपीयूचा वेळ असतो. सुरुवातीला तिथे चार आकडे होते : यूजर, नाइस, सिस्टीम, आयडल. २.६ कर्नल येईपर्यंत त्यांना आयओवेट, आयआरक्यू आणि सॉफ्टआयआरक्यू जोडले गेले. २.६.११ मध्ये ‘स्टील’ आला, २.६.२४ मध्ये ‘गेस्ट’ आणि २.६.३३ मध्ये ‘गेस्ट नाइस’. चाराचे दहा झाले. कर्नलवाल्यांनी एक शिस्त मात्र पाळली : नवीन आकडा नेहमी शेवटी. त्यामुळे पाचव्या जागेवरचा आयओवेट आजही पाचव्या जागेवरच आहे. जागेवर चालणारा फॉरमॅट टिकवायचा तर ही शिस्त ही त्याची किमान अट.

पण तीही पुरत नाही. कित्येक स्क्रिप्ट ओळीतल्या सगळ्या आकड्यांची बेरीज करून त्याला ‘एकूण वेळ’ म्हणतात. ‘गेस्ट’चा वेळ आधीच ‘यूजर’मध्ये धरलेला असतो. ज्या मशीनवर व्हर्च्युअल मशीन चालतात, तिथे ही बेरीज तोच वेळ दोनदा मोजते आणि सीपीयूची टक्केवारी चुकते. रांगेत उभ्या आकड्यांना नावं असती, तर ‘गेस्ट’ हा शब्द वाचून कुणीतरी थबकलं असतं आणि माहितीपुस्तिका उघडली असती. ‘डिस्कस्टॅट्स’चंही असंच झालं. डिस्कच्या नावानंतर ११ आकडे होते, ४.१८ मध्ये डिस्कार्डचे चार वाढून १५ झाले, ५.५ मध्ये फ्लशचे दोन येऊन १७. ‘११ नसतील तर ओळ चुकीची’ अशी तपासणी ज्यांनी लिहिली होती, त्यांच्या हाती ४.१८ नंतर एकही डिस्क लागली नाही.

सगळ्यात अवघड जागा प्रत्येक प्रोसेसच्या ‘स्टॅट’ फाईलमध्ये आहे. तिथे दुसऱ्या क्रमांकावर प्रोसेसचं नाव कंसात येतं आणि त्या नावात मोकळी जागा चालते, कंससुद्धा चालतो. फायरफॉक्सच्या एका प्रोसेसचं नाव ‘वेब कंटेंट’ असं दोन शब्दांचं असे. मोकळ्या जागेवर ओळ तोडणाऱ्या स्क्रिप्टला तिथे एक शब्द जास्त सापडतो आणि पुढचे सगळे आकडे एका घराने सरकतात. शेवटचा बंद कंस आधी शोधायचा आणि त्याच्यापुढे मोजणी सुरू करायची, हा त्यावरचा उपाय.

एवढं पाहिल्यावर तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. तुमच्यासारख्या कामाला मी जेसन सुचवेन, पण एका विशिष्ट मांडणीत : एका ओळीत एक पूर्ण नोंद, पुढच्या मिनिटाची नोंद पुढच्या ओळीवर. सगळ्या नोंदी एका मोठ्या चौकोनी कंसात घालू नका. तो कंस बंद होईपर्यंत फाईल नियमाप्रमाणे अपुरी असते आणि मध्येच वीज गेली तर आख्खी फाईल वाचायला नकार मिळतो. ‘आयओस्टॅट’ला जेसन मागून सतत चालू ठेवलं तर नेमका हाच अनुभव येतो, शेवटचे कंस ते बंद होताना छापतं. ओळीगणिक नोंद असेल तर फार तर शेवटची अर्धवट ओळ वाया जाते, आणि ग्रेप, टेल ही रोजची हत्यारं त्या फाईलवर तशीच चालतात.

नाव ओळीओळीत पुन्हा पुन्हा लिहिल्याने जागा वाया जाते, असा आक्षेप येईल. हिशेब करू. एक नोंद ६०० बाइटची धरली तर दिवसाच्या १४४० नोंदींचे साडेआठ लाखांच्या आसपास बाइट होतात, म्हणजे एक एमबीसुद्धा नाही. वर्षाचे सव्वातीनशे एमबीच्या आत. त्यात नावं तीच ती असल्याने जीझिपने फाईल चांगलीच आक्रसते. चार सर्व्हरसाठी एवढ्यावर काटकसर करायची गरज नाही.

नाव देताना एककही नावातच घाला : ‘मेमरी उपलब्ध बाइट’, ‘सीपीयू आयडल सेकंद’. आणि प्रत्येक नोंदीत यंत्राचं नाव, कर्नलची आवृत्ती आणि तुमच्या स्वतःच्या मांडणीचा क्रमांक असू द्या. उद्या एखाद्या नावाचा अर्थ बदलावा लागला तर जुन्या नावात नवा अर्थ भरू नका. नवं नाव द्या, जुनं बंद करा. आणि जो आकडा त्या कर्नलात मिळतच नाही, त्याचं नाव नोंदीतून वगळा, तिथे शून्य लिहू नका. ‘स्वॅप शून्य वापरला’ आणि ‘स्वॅपचा आकडा मिळाला नाही’ या दोन वेगळ्या बातम्या आहेत. तुमचा आलेख ज्या शून्यामुळे फसला, तसं शून्य आपण आपल्या हाताने तयार करायचं नाही.

सीएसव्ही टाकाऊ नाही. संचालक मंडळाला महिन्याचा तक्ता एक्सेलमध्ये द्यायचा असेल तर सीएसव्हीच सोयीची. ती जेसनमधून शेवटी तयार करा, मूळ नोंद म्हणून ठेवू नका. ठेवायचीच असेल तर शीर्षकाची ओळ नसलेली फाईल कधी बनवू नका आणि कॉलम बदलले की नवी फाईल सुरू करा. एक्सएमएलमध्ये नावं असतात, पण ओळीने जोडत जाण्याच्या या कामाला तो जड पडतो. बायनरी फॉरमॅट हजारो यंत्रांच्या कारभारात शोभतात. चार सर्व्हरवर, रात्री अडचण आली असताना डोळ्यांनी वाचता येईल असा मजकूरच हवा.

तुम्ही पुढे-मागे प्रोमेथियस ही देखरेखीची प्रणाली लावणार असाल तर आणखी सोपं. साउंडक्लाउड या कंपनीत २०१२ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पाचा मजकुराचा फॉरमॅट याच कामासाठी घडवलेला आहे : एका ओळीत आकड्याचं नाव, महिरपी कंसात लेबलं, मग किंमत. कोणता सीपीयू, कोणती अवस्था, हे लेबलात येतं, त्यामुळे सीपीयू आठाचे सोळा झाले तरी ओळी वाढतात, मांडणी मोडत नाही. त्याचा नोड एक्स्पोर्टर हा प्रोग्राम ‘प्रॉक’ वाचून हे सगळं ९१०० या पोर्टवर आयतं देतो. स्वतःची ऑकची कसरत करण्याआधी तो बघा.

लिनक्सच्या बाहेरही लोकांनी हा प्रश्न सोडवला आहे. सोलॅरिसच्या ‘केस्टॅट’ला पी हा पर्याय दिला की मॉड्यूल, क्रमांक, नाव आणि आकडेवारीचं शीर्षक कोलनने जोडून, पुढे टॅब आणि मग किंमत, अशी ओळ मिळते; ती कापायला कसलंही कौशल्य लागत नाही. फ्रीबीएसडीने जुनिपर कंपनीत तयार झालेली लिबएक्सओ ही लायब्ररी घेतली आणि २०१६ च्या ११.० आवृत्तीत ‘व्हीएमस्टॅट’सारख्या कमांड एकाच मजकुरातून माणसासाठी तक्ता आणि यंत्रासाठी जेसन किंवा एक्सएमएल देऊ लागल्या. हा विचार मला फार योग्य वाटतो. माणसासाठीचा तक्ता सुधारायचं स्वातंत्र्य लेखकाला राहतं आणि आपल्या स्क्रिप्टना त्याची झळ पोचत नाही. लिनक्सवर ‘आयपी’ आणि ‘एलएसबीएलके’ यांनाही जेसन मागता येतं. ‘फ्री’ला ती सोय नाही, म्हणून थेट ‘मेमइन्फो’.

प्रश्न : नेटवर्कचा आकडा मी दर मिनिटाला ‘सेकंदाला इतके बाइट’ असा साठवतो. एखादं मिनिट चुकलं की आलेखात खड्डा पडतो. फॉरमॅट बदलून हे सुटेल का? – एक वाचक, पणजी

उत्तर : फॉरमॅटने नाही, साठवायचा आकडा बदलून सुटेल. घरच्या वीजमीटरवर रीडिंग चढतच जातं. दोन रीडिंगची वजाबाकी केली की वापर कळतो, आणि मधल्या एका महिन्याचं रीडिंग राहिलं तरी एकूण युनिट हरवत नाहीत. कर्नलचे काउंटर असेच चढते आहेत. वेग साठवू नका, काउंटर आणि तो वाचल्याची वेळ साठवा. मधलं मिनिट गेलं तरी आजूबाजूच्या दोन नोंदींतून सरासरी वेग मिळतो.

दोन धोके आहेत. यंत्र पुन्हा चालू झालं की काउंटर शून्यापासून सुरू होतात आणि वजाबाकी उणे येते. प्रत्येक नोंदीत बूटची खूण ठेवा. ‘प्रॉक’मध्ये ‘बूट आयडी’ नावाची फाईल असते आणि प्रत्येक बूटला तिच्यातली किंमत नवी होते. खूण बदलली असेल तर त्या दोन नोंदींची वजाबाकी करायचीच नाही.

दुसरा धोका ३२ बिटांच्या काउंटरचा. तो ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ ला पोचला की पुन्हा शून्यावर येतो. एक गिगाबिटची लाइन पूर्ण भरून वाहत असेल तर बाइटचा असा काउंटर सुमारे ३४ सेकंदांत एक फेरी पूर्ण करतो. तुम्ही मिनिटाला एकदा वाचता, म्हणजे मध्ये एक फेरी झाली की दोन, हे कळायला मार्गच नाही. स्विचवरून एसएनएमपीने आकडे घेत असाल तर ‘एचसी’ नावाचे ६४ बिटांचे काउंटर मागा.

६४ बिटांचे आकडे जेसनमध्ये ठेवताना एक सावधगिरी. पुष्कळ भाषांत जेसनचे आकडे दशांश प्रकारात वाचले जातात आणि तिथे ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ च्या पलीकडे प्रत्येक पूर्णांक अचूक राहत नाही. बाइटच्या काउंटरला तिथे पोचायला नऊ पेटाबाइट लागतील. नॅनोसेकंदांत मोजणारा काउंटर मात्र १०४ दिवसांत ती हद्द ओलांडतो, आणि सर्व्हर तेवढे दिवस सहज चालू असतो. वेगाच्या हिशेबात तेवढ्याने काही बिघडत नाही. दोन आकडे तंतोतंत सारखे आहेत का हे तपासायचं असेल तर ते अवतरणात, मजकूर म्हणून लिहा.

प्रश्न : ‘सार’चा आउटपुट माझ्या लॉगिनवर एक कॉलम दाखवतो, क्रॉनमध्ये वेगळाच. असं का? – एक वाचिका, पुणे

उत्तर : लोकेल. अमेरिकी इंग्रजी लोकेलमध्ये ‘सार’ वेळेपुढे एएम-पीएम छापतं, तो एक शब्द वाढतो आणि पुढचे सगळे कॉलम सरकतात. क्रॉनमध्ये बहुधा लोकेल ठरवलेलंच नसतं, म्हणून तिथे चोवीस तासांची वेळ येते. आकडेवारी वाचणाऱ्या प्रत्येक स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत एलसी-ऑल या व्हेरिएबलला ‘सी’ ही किंमत द्या. युरोपातल्या काही लोकेलमध्ये दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविराम येतो, त्याचाही बंदोबस्त त्यातच होतो.

खरं तर ‘सार’चा तक्ता कापूच नका. तो रोजची नोंद एका बायनरी फाईलमध्ये ठेवतो, आणि त्याच्याच सोबत येणारी ‘सॅडएफ’ ही कमांड त्या फाईलमधून जेसन, एक्सएमएल किंवा अर्धविरामाने तोडलेला मजकूर काढून देते. वेळ यूटीसीत साठवा. भारतीय वेळ दाखवताना साडेपाच तास मिळवणं सोपं असतं. आणि ‘व्हीएमस्टॅट’ वापरत असाल तर त्याची पहिली ओळ सोडून द्या, ती बूट झाल्यापासूनची सरासरी असते.

सांगलीच्या वाचकांना एक विनंती. बाकीचे तीन सर्व्हर अजून सेंटओएस ६ वर असतील तर तेही हलवा, त्या आवृत्तीचे अपडेट नोव्हेंबर २०२० मध्येच थांबले आहेत. हलवण्याआधी नवी स्क्रिप्ट जुनीच्या शेजारी आठवडाभर चालवा आणि दोन्हींचे आकडे रोज ताडून पाहा. ‘मेमअव्हेलेबल’ ही ओळ सापडली नाही तर स्क्रिप्टने शून्य न लिहिता एरर देऊन थांबलं पाहिजे, आणि तो एरर तुमच्या मोबाइलवर पोचला पाहिजे. एवढं बसवल्याशिवाय जुनी स्क्रिप्ट बंद करू नका.